डाखाऊचे कुंपण

कुंपण हा तसा आपल्या घरातला, शेतातला शब्द. परसाला कुंपण असते, मळ्याला असते, कब्रस्तानालाही असते. गुरांनी पिकात शिरू नये, परक्याने आत येऊ नये, एवढाच त्याचा हेतू. ज्याने राखायचे त्यानेच गिळले की 'कुंपणाने शेत खाल्ले' असे आपण म्हणतो आणि ती गोष्ट अपवादाची, लाजिरवाणी समजतो. परंतु विसाव्या शतकात युरोपातील एका सुशिक्षित, पुढारलेल्या देशाने शेत खाण्यासाठीच कुंपण उभारले. त्याचे मोजमाप ठरवले, त्याचे नियम छापले आणि ते राखणाऱ्यांना दरमहा पगार दिला. जर्मनीतील डाखाऊ येथील छळछावणीच्या कुंपणाविषयी आम्हांला येथे लिहायचे आहे.

छळछावण्यांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे भट्ट्या, हाडांचे सापळे आणि चपलांचे ढीग येतात. काटेरी तारा आणि टेहळणीचे मनोरे चित्राच्या मागे राहतात. तुरुंग म्हटला की भिंत असायचीच, असे आपण धरून चालतो. आम्हांला वाटते, या भिंतीकडेच जरा थांबून पाहिले पाहिजे. माणसे पळू नयेत एवढ्याचसाठी ती नव्हती. तिची आणखीही कामे होती, आणि त्यांतले पहिले काम छावणी सुरू झाल्यावर तीन आठवड्यांतच उघड झाले.

दारूगोळ्याच्या कारखान्यात

हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चान्सलर झाला. २७ फेब्रुवारीला बर्लिनचे संसदभवन जळाले. दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकुमाने नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित केले. आता कोणालाही आरोपाशिवाय, खटल्याशिवाय, मुदतीशिवाय डांबता येऊ लागले. या कैदेला नाव दिले गेले 'संरक्षक कोठडी'. संरक्षण कोणाचे आणि कोणापासून, हे विचारण्याची सोय नव्हती.

म्युनिकचा तेव्हाचा पोलीसप्रमुख हाइनरिख हिमलर याने २० मार्च १९३३ रोजी जाहीर केले की, शहराजवळच्या डाखाऊ या गावी पाच हजार माणसे राहतील अशी छावणी उघडण्यात येत आहे. बातमी वर्तमानपत्रात छापून आली. म्हणजे गोष्ट चोरून झाली नाही. २२ मार्चला पहिले कैदी आले. जागा होती पहिल्या महायुद्धातील दारूगोळ्याच्या कारखान्याची. युद्ध हरल्यावर तो बंद पडला होता. त्याची आवारभिंत मात्र उभी होती. पहिले कैदी बहुतेक कम्युनिस्ट, समाजवादी आणि कामगार चळवळीतले कार्यकर्ते होते. ज्यू, जिप्सी, पाद्री आणि देशोदेशीचे युद्धकाळातले कैदी पुढे आले.

ही भिंत बाहेरच्यांसाठीही होती. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दोघेजण भिंतीवरून आत डोकावताना पकडले गेले. स्थानिक वृत्तपत्राने जूनमध्ये इशारा छापला: ज्यांना फारच उत्सुकता आहे त्यांना भिंतीवरून पाहण्याऐवजी आत राहून छावणीचा अभ्यास करण्याची संधी देण्यात येईल. यातला विनोद गावाला बरोबर समजला. पुढची बारा वर्षे 'आम्हांला काही ठाऊक नव्हते' असे म्हणणाऱ्यांना हा इशारा आठवावयास हरकत नव्हती. न पाहण्यासाठी आधी कोठे पाहू नये हे ठाऊक असावे लागते.

एका फुटाचे अंतर

सुरुवातीला पहारा बव्हेरियाच्या पोलिसांचा होता. ११ एप्रिल १९३३ रोजी कैद्यांचा ताबा एसएसच्या हाती गेला. दुसऱ्याच दिवशी, १२ एप्रिलला, चार तरुण ज्यू कैद्यांना छावणीशेजारच्या झाडीत नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. रुडॉल्फ बेनारियो, अर्न्स्ट गोल्डमन, आर्थर कान आणि एर्विन कान ही त्यांची नावे. तिघे जागीच गेले. चौथा काही दिवस इस्पितळात तळमळून वारला. छावणीने कळवले: पळून जाण्याचा प्रयत्न करताना मारले गेले.

जर्मनीत अजून जुना कायदा पूर्ण मेला नव्हता. कोठडीत माणूस अनैसर्गिक रीतीने मेला तर सरकारी वकिलाने चौकशी करावयाची, हा नियम कागदावर शिल्लक होता. म्युनिकचा योझेफ हार्टिंगर नावाचा सरकारी वकील १३ एप्रिलला डाखाऊत जाऊन पोहोचला. हा मनुष्य क्रांतिकारक नव्हता. तो सरकारी नोकर होता आणि कायद्याने नेमून दिलेले काम करीत होता. त्याच्याबरोबर मोरिट्झ फ्लाम हे न्यायवैद्यक डॉक्टर असत. दोघांनी प्रेते तपासली, जखमा मोजल्या, नोंदी ठेवल्या. पुढील आठवड्यांत आणखी मृत्यू झाले. कोणी 'गळफास घेतला', कोणी 'पळाला'. प्रत्येक वेळी हे दोघे गेले.

त्यांतले एक प्रकरण सांगतो. १७ मे १९३३ रोजी लिओनहार्ट हाउसमन या कैद्याला एसएसच्या एका शिपायाने ठार केले. शिपायाची कैफियत अशी की, कैदी झाडीत रोपे खणत होता, एकाएकी पळत सुटला, म्हणून आपण दहा-बारा मीटरवरून गोळी झाडली. मृताचे कपडे तपासले गेले. गोळी एका फुटाहूनही कमी अंतरावरून झाडलेली निघाली.

दहा मीटर आणि एक फूट या दोहोंमधील जागेत साऱ्या छावणीचे सत्य मावते. पळणाऱ्या माणसाला एका फुटावरून छातीत गोळी लागत नाही. कुंपण ओलांडण्याचा प्रयत्न झालाच नव्हता. 'कुंपण' हा शब्द तेवढा वापरला गेला होता. कैदी पळत होता असे म्हटले की खुनाचे कर्तव्य होते. आणि तसे म्हणता येण्यासाठी एक हद्द लागते, जी मृताने ओलांडली असे दाखवता येईल. कुंपणाचे पहिले काम म्हणतो ते हेच.

१ जून १९३३ रोजी सरकारी वकिलांच्या कार्यालयाने छावणीचा कमांडंट हिल्मार व्हेकर्ले आणि इतर काहींविरुद्ध कारवाई सुरू केली. हिमलरला कमांडंट बदलावा लागला. पण खटला उभा राहिला नाही. वरच्यांनी कागद दडपले. युद्धानंतर ते अमेरिकनांच्या हाती लागले आणि न्युरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून वाचले गेले. दोघा नोकरांनी नीट मोजून ठेवलेले अंतर बारा वर्षांनी बोलले.

नियम आला

नवा कमांडंट थिओडोर आइके याने झाल्या प्रकारातून एक धडा घेतला. खून थांबवावेत असा तो धडा नव्हता. खुनाला चौकशीची गरजच उरू नये, असा होता. १ ऑक्टोबर १९३३ रोजी त्याने कैद्यांसाठी शिक्षांचे आणि पहारेकऱ्यांसाठी कामाचे नियम लागू केले. पळणाऱ्या कैद्यावर हाक न देता गोळी झाडावी. इशाऱ्याची गोळी झाडण्यास मनाई आहे. कर्तव्य बजावताना कैदी मेला तर पहारेकऱ्याला शिक्षा होणार नाही. उलट, ज्याच्या हातून कैदी निसटेल त्याला अटक होईल.

या नियमांची करामत अशी की, दया ही पहारेकऱ्यासाठी धोक्याची गोष्ट ठरली आणि हत्या सुरक्षित ठरली. आता त्याला दहा मीटरची खोटी कैफियत रचण्याचीही जरूर राहिली नाही. एप्रिलमध्ये जे खोटे बोलून लपवावे लागले, ते ऑक्टोबरमध्ये नियम झाले. आमच्या मते डाखाऊचे खरे कुंपण त्या दिवशी पुरे झाले. सिमेंट आणि तारा मागाहून आल्या.

कुंपण मजबूत करण्याची निकड एसएसला आधीच जाणवली होती. ८ मे १९३३ च्या रात्री हान्स बाइमलर हा संसदेचा कम्युनिस्ट सदस्य तारांतून निसटला. तो देशाबाहेर गेला आणि त्याच वर्षी त्याने डाखाऊच्या अत्याचारांवर पुस्तिका लिहून जगापुढे ठेवली. पुढे स्पेनच्या यादवीत लढताना १९३६ साली माद्रिदमध्ये तो मारला गेला. एक माणूस बाहेर पडला तर आतली गोष्टही बाहेर पडते, हे त्याने दाखवले. छावणीला माणसाइतकीच बातमीही अडवून धरायची होती.

गवताची पट्टी

१९३७-३८ मध्ये कैद्यांकडूनच नवी छावणी बांधून घेण्यात आली. आपल्या तुरुंगाच्या भिंती आपणच रचायच्या, असा तो प्रकार. सुमारे सहाशे मीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद आयत. मध्ये रस्ता, दोन्ही बाजूंना बराकी, पुढे हजेरीचे मैदान. सहा हजार माणसांसाठी आखलेली ही जागा. पुढे युद्धाच्या अखेरीस एकट्या मुख्य छावणीत तीस हजारांहून जास्त माणसे कोंबलेली होती.

आतून बाहेर जाऊ लागलो तर बंदोबस्त असा होता. प्रथम गवताची एक पट्टी. तिच्यापुढे खंदक. खंदकापलीकडे काटेरी तारांचे कुंपण, त्यातून विजेचा प्रवाह सोडलेला. त्यामागे पहारेकऱ्यांच्या फेरीची वाट आणि शेवटी भिंत. पश्चिमेच्या अंगाला व्युर्म नदीचे पाणी वाहत होते. चहूबाजूंनी मिळून सात मनोरे, त्यांवर रात्रंदिवस हत्यारबंद पहारा. आत येण्याचा दरवाजा एकच, 'जूरहाउस' नावाच्या इमारतीखालून. त्याच्या लोखंडी फाटकात 'काम मुक्त करते' अशा अर्थाचे जर्मन शब्द घडवलेले.

या साऱ्यात सर्वांत घातक कोणते, असे विचारले तर वीज किंवा मशीनगन हे उत्तर सुचेल. आम्ही म्हणू, गवताची पट्टी. तार माणसाला अडवते, खंदकही अडवतो. गवत कोणालाच अडवत नाही. त्यावर पाऊल पडले की मनोऱ्यावरून गोळी यायची, एवढाच त्याचा अर्थ. तार गाठण्याआधीच, पळण्याचा प्रयत्न सुरू होण्याआधीच, तो झाला असे मानण्याची ती जागा होती.

वाचलेल्या कैद्यांनी सांगून ठेवले आहे की, पहारेकरी एखाद्या कैद्याची टोपी हिसकावून त्या गवतावर फेकत आणि ती आणण्याचा हुकूम सोडत. हुकूम मोडला तर मार, पाळला तर गोळी. नोंद मात्र तीच व्हायची: पळताना मारला गेला. काही कैदी आपण होऊनही त्या पट्टीत शिरले. ज्यांना पुढचा दिवस काढणे अशक्य झाले होते, त्यांना ही चार पावले सोपी वाटली. ज्या धर्मात आम्ही वाढलो त्यात आत्महत्येला मनाई आहे. पण त्या माणसांचा निवाडा करण्यास आमची जीभ रेटत नाही. खुनाचे हत्यार कोणी मांडून ठेवले होते, हे पाहिले पाहिजे.

नमुना

आइके १९३४ साली सर्व छावण्यांचा निरीक्षक झाला आणि डाखाऊची पद्धत हा नमुना ठरला. बर्लिनजवळचे साक्सेनहाउसेन १९३६ साली उभे राहिले. त्याचा आराखडा त्रिकोणी होता, जेणेकरून दरवाजावरच्या एका मनोऱ्यातून सगळ्या बराकी नजरेखाली राहाव्यात. तेथे तर तारेआधीच्या पट्टीत फलकच लावले होते: येथे हाक न देता गोळी घालण्यात येते. १९३७ मध्ये बुखेनवाल्ड आले, १९३९ मध्ये स्त्रियांसाठी रावेन्सब्रुक.

पोलंडमधील आउश्विट्झमध्ये याच पद्धतीचा मोठा विस्तार झाला. तेथे पहाऱ्याच्या दोन साखळ्या होत्या. रात्री विजेच्या तारांजवळची आतली साखळी, दिवसा कैद्यांच्या कामाच्या जागांभोवतीची बाहेरची. कोणी नाहीसा झाला तर बाहेरची साखळी तीन दिवस आणि तीन रात्री जागेवर ठेवीत, मग उठवीत. रुडॉल्फ व्हर्बा आणि आल्फ्रेड वेट्झलर या दोघा स्लोव्हाक ज्यू कैद्यांनी हा नियमच हेरला. ७ एप्रिल १९४४ रोजी ते दोन साखळ्यांच्या मधल्या भागात लाकडांच्या ढिगाखालील पोकळीत जाऊन लपले. कुत्र्यांना वास येऊ नये म्हणून भोवती पेट्रोलमध्ये भिजवून वाळवलेली तंबाखू पसरली होती. तीन रात्री उलटल्या, साखळी उठली, आणि १० एप्रिलच्या रात्री ते बाहेर पडले. २१ एप्रिलला त्यांनी स्लोव्हाकियाची सरहद्द गाठली. तेथे सांगितलेला त्यांचा वृत्तांत बाहेर फुटल्यावर जगाचा दबाव वाढला आणि जुलै १९४४ मध्ये हंगेरीतून ज्यूंना पाठवणे थांबले. तोवर चार लाखांहून अधिक माणसे रवाना झाली होती. उशीर झाला, पण जी वाचली ती दोन माणसांनी कुंपणाचे वेळापत्रक ओळखले म्हणूनही वाचली.

नूर

डाखाऊच्या इतिहासात एक नाव आमच्या वाचकांच्या ओळखीचे आहे. नूर इनायत खान. तिचे वडील सूफी इनायत खान हे १८८२ साली बडोद्यात जन्मले. तिचे पणजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा चालवली. मराठी राजाच्या दरबारात वाढलेले हे मुसलमान गवय्यांचे घराणे, आणि त्याचे टिपू सुलतानच्या वंशाशीही नाते सांगितले जाते. नूरचा जन्म १९१४ चा, मॉस्कोतला. ती वाढली पॅरिसजवळ. मुलांसाठी गोष्टी लिहिणारी, वीणा वाजवणारी ही मुलगी जून १९४३ मध्ये ब्रिटिश गुप्त संघटनेची बिनतारी संदेशवाहक म्हणून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरली आणि ऑक्टोबरमध्ये पकडली गेली.

कुंपणाच्या या कथेत तिची जागा काय, ते सांगतो. पॅरिसमधील कैदेतून तिने दोनदा निसटण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी, नोव्हेंबर १९४३ मध्ये, ती इमारतीच्या छपरावर पोहोचली होती. पकडल्यावर तिच्यापुढे कागद ठेवला गेला: पुन्हा पळणार नाही असे वचन लिहून दे. तिने नकार दिला. सही केली असती तर कदाचित पॅरिसमध्येच राहता आले असते. नकारामुळे तिला जर्मनीत फोर्झहाइमच्या तुरुंगात नेले आणि कित्येक महिने हातापायांत साखळ्या घालून एकटी ठेवले. तारा आणि मनोऱ्यांना जे जमत नाही ते काम त्या कागदाला करायचे होते. कैद्यानेच आपल्या मनात कुंपण घालून घ्यावे, असा तो प्रस्ताव होता. तो तिने परत केला. सप्टेंबर १९४४ मध्ये तिला आणखी तीन स्त्रियांबरोबर डाखाऊत आणले आणि १३ तारखेला पहाटे गोळी घातली. छावणीच्या कुंपणाबाहेर, पश्चिमेला, जेथे भट्टी होती, त्या आवारात आज या चौघींच्या नावांची पाटी आहे. ब्रिटनने १९४९ साली नूरला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.

शब्दांची तार

आमच्यासारख्यांना टोचणारी आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. छावण्यांत, विशेषतः आउश्विट्झमध्ये, जो कैदी उपासाने आणि हालअपेष्टांनी इतका खचला की त्याची जगण्याची इच्छाच सरली, त्याला इतर कैदी 'म्युझेलमान' म्हणत. म्हणजे मुसलमान. हे नाव का पडले, याबद्दल मते निरनिराळी आहेत. कोणी म्हणतात, अशी माणसे वाकून डोलत, ते दुरून नमाजासारखे दिसे. कोणी म्हणतात, मुसलमान म्हणजे नशिबावर हवाला टाकून बसणारा, अशी जी युरोपात समजूत होती तिच्यातून ते आले. बोलणारे स्वतः छळाचे बळी होते. त्यांच्यावर रागावणे आम्हांला शोभणार नाही. पण शब्दाने काय केले ते पाहावे. मरणाऱ्या माणसाला दूरच्या, न पाहिलेल्या लोकांचे नाव दिले की तो आपला राहत नाही; त्याला आपल्या वाट्याची भाकरी देण्याची जबाबदारीही राहत नाही. ज्यांना जगाने तारेआड टाकले होते, त्यांनीही आत एक तार ओढली, आणि तिला आमचे नाव लागले. आपणही आपल्या बोलीत कोणाकोणाला अशी नावे लावतो, ते ज्याने त्याने आठवावे.

कुंपण उरले

अमेरिकन सैन्याने २९ एप्रिल १९४५ रोजी डाखाऊ मुक्त केले. बारा वर्षांत डाखाऊ आणि तिच्या उपछावण्यांतून दोन लाखांहून जास्त कैदी गेले. सुमारे ४१,५०० मेले. मुक्ती झाली तरी कैद्यांना लगेच घरी जाता आले नाही. टायफसची साथ भडकली होती, म्हणून छावणीवर क्वारंटाइन लागले. मुक्त झालेली माणसे त्याच तारांच्या आत आणखी काही आठवडे राहिली आणि त्यांतली कित्येक तेथेच वारली.

मग त्याच कुंपणाआड एसएसच्या लोकांना डांबण्यात आले आणि त्यांच्यावर तेथेच खटले चालले. १९४८ नंतर पूर्व युरोपातून हाकललेल्या जर्मन निर्वासितांची वस्ती बराकींत आली. मुले हजेरीच्या मैदानावर खेळू लागली. जुन्या कैद्यांनी सतत तगादा लावला, तेव्हा १९६५ साली तेथे स्मारक झाले आणि कुंपणाचा काही भाग पुन्हा उभारून दाखवण्यात आला. १९६८ मध्ये युगोस्लाव्ह शिल्पकार नांदोर ग्लिड यांचे शिल्प बसले. त्यांत माणसांची शरीरेच काटेरी तारा झाली आहेत. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ते शब्द असलेले फाटक चोरीला गेले. दोन वर्षांनी ते नॉर्वेत सापडले. आज मूळ फाटक संग्रहालयात आहे आणि दारात त्याची प्रतिकृती.

फाटक सापडले, तारा सांभाळल्या जातील, गवतही कापले जाईल. आम्हांला चिंता आहे ती त्या एका वाक्याची. 'पळून जाण्याचा प्रयत्न करताना मारला गेला' हे वाक्य डाखाऊबरोबर संपले नाही. ते जगाच्या अनेक भाषांत, अनेक सरकारांच्या कागदांवर पुन्हा पुन्हा लिहिले जाते, आणि सकाळी चहाबरोबर ते वाचून आपण पान उलटतो. अशा वेळी फार मोठे शौर्य लागत नाही. १९३३ साली एका सरकारी वकिलाने आणि एका डॉक्टरने जो साधा प्रश्न विचारला, तेवढा विचारता आला तरी पुष्कळ झाले: गोळी किती अंतरावरून झाडली होती?